विमलवहिनींचा दुसरा नाताळ

दुकानातला माल विकला की फळीवर जागा होते. किश्श्यांचं उलटं आहे. एक सांगून टाकावा, तर ऐकणारा त्याच्याकडचे दोन देऊन जातो आणि फळी पहिल्यापेक्षा जास्त भरते. नगरला चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांकडून. तेव्हा वाटायचं, किस्से फक्त बाजारपेठेत साठतात. मग इथे अमेरिकेत आलो, मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला. इथे पेठ नाही, गर्दी नाही, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फाशिवाय डोळ्यांना दुसरं काही नाही. आणि दोन हिवाळ्यांत फळी मोडायला आली!

आमच्या आजोबांच्या काळात गोरे मिशनरी बोटीने आपल्याकडे यायचे. आता इकडच्या चर्चच्या बाकांवर पिकलेली डोकीच उरलीत, आणि त्यांची विचारपूस करायला माणूस मिळत नाही. म्हणून आमच्यासारख्या निवृत्त जोडप्यांना बोलावतात. दोन वर्षं राहायचं. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, प्रार्थना करायची, औषधं आणून द्यायची, बर्फ किती पडला यावर बोलायचं. 'सिनियर मिशनरी' म्हणतात आम्हाला. मी म्हणतो, परतभेट.

मी आणि माझी बायको सुशीला, आणि जालन्याचे साळवे सर व विमलवहिनी. सर रिटायर्ड हेडमास्तर. चर्चच्या मागे एक जुनं लाकडी घर आहे, मधे भिंत घालून दोन केलेलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या: दुसऱ्या वर्षी नाताळच्या तोंडावर विमलवहिनी गेल्या. मुलगा सरांना न्यायला येणार होता, आणि सर वहिनींना इथे एकटं ठेवून जायला तयार नव्हते. आमचा सगळा नाताळ या एका गोष्टीवर अडकून बसला होता.

*

पहिल्या हिवाळ्यातलं सांगतो. आमचे पास्टर एरिक म्हणजे तिशीतला पोरगा. सोमवारी तो भेटींची यादी हातात द्यायचा. त्यात गावाबाहेरच्या शेतघरातले मिस्टर ओल्सन होते. नव्वदी ओलांडलेले, एकटे.

सर आणि मी सकाळी गेलो. आदल्या रात्री बर्फ पडून थांबला होता. अंगण कोऱ्या कागदासारखं. त्यावर रस्त्यापासून दारापर्यंत पावलांची एकच रांग. जाणारी. परत येणारी नाही.

"पाहुणे आलेत वाटतं," सर म्हणाले.

ओल्सननी दार उघडलं. सरांनी विचारलं, आज कुणी आलंय का? नाही, म्हणाले, गेल्या आठवड्यात तुम्हीच आला होतात. सरांनी बोटाने ठसे दाखवले. शेवटचा ठसा पायरीवर, बुटाचं टोक दाराला टेकलेलं. म्हाताऱ्याने चष्मा वर करून पाहिलं, मग मान वळवून घरातल्या अंधाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर नवल नव्हतं. वैताग होता.

आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तरी बूट बाहेर काढा."

परत येताना सर माझा हात धरून चालत होते. बर्फ निसरडा आहे म्हणाले.

*

त्याच वर्षीचा नाताळ. आपल्याकडे कॅरल पार्टी कशी निघते, ढोलकी, झांजा, घरोघर गाणं आणि घरोघर चहा! इथे तसलं काही दिसेना. वहिनी म्हणाल्या, "आपण काढू की. चौघं काय कमी आहेत?"

ढोलकी नव्हती, सरांनी प्लास्टिकची बादली घेतली. इथे साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे जेवणाच्या वेळेआधी सगळं उरकलं. यादीतली सात घरं झाली. सातवं निळं घर, रस्त्याच्या टोकाला. आम्ही मराठीत गायलो, बादली वाजवली. वरच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला आणि गाणं संपेपर्यंत तसाच राहिला. दार काही उघडलं नाही. सुशीला म्हणाली, म्हातारं माणूस असेल, जिना उतरवत नसेल. तिने पायरीवर करंज्यांचा डबा ठेवला. माझ्याच दुकानातला, झाकणावर मशीनने मीच नाव कोरलेला.

दुसऱ्या दिवशी एरिक म्हणाला, "सात? घरं तर सहाच आहेत."

आम्ही मागच्या वर्षीची यादी घेऊन फिरलो होतो. निळ्या घरातल्या बाई सप्टेंबरात वारल्या होत्या. घराचं पाणीसुद्धा बंद केलेलं.

आठ दिवसांनी डबा चर्चच्या दारात होता. आता, आलेला डबा आपण रिकामा परत करत नाही, चिमूटभर का होईना साखर घालतो. इथे तशी पद्धत नाही, इथे डब्याबरोबर थँक्यू कार्ड येतं. मी झाकण उघडलं. आत साखर.

आणि एक गोष्ट फक्त मला दिसली. मी जन्मभर स्टील विकलंय. साबणाने धुतलेला डबा वेगळा आणि राखेने घासलेला वेगळा, त्याच्यावर बारीक गोल रेघा उठतात. त्या रेघा होत्या. या गावात राखेने भांडी कोण घासतं, हे मी एरिकला विचारलं नाही. विचारायचं तरी कसं?

संध्याकाळी चहा जरा जास्तच गोड लागला.

"अगं, ती साखर..."

"मग काय फेकून देऊ? कुणीतरी आठवणीने घातलीय," सुशीला म्हणाली, आणि वहिनींच्या कपात अजून अर्धा चमचा टाकला.

*

दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी भाजी चिरता चिरता, वहिनी खुर्चीतच गेल्या. हार्ट. चर्चमधली प्रार्थना झाली, आम्ही कोट चढवून कबरस्तानात जायला तयार झालो, तेव्हा कार्ल पुढे आला. कार्ल म्हणजे तिथला राखणदार. सत्तरीचा, उंच, शब्द तोलून देणारा.

"जमीन चार फूट गोठलीय," तो म्हणाला. "मोठ्या गावात मशीनने वितळवून खणतात. आमच्याकडे मशीन नाही. मे महिन्यात खणू."

सरांना आधी कळलंच नाही. आपल्याकडे सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी मातीत असतं.

"आणि तोवर?"

कार्ल आम्हाला टेकडीपाशी घेऊन गेला. टेकडीच्या पोटात एक दगडी खोली, दोन पायऱ्या, लोखंडी दार. हिवाळ्यात गेलेली माणसं तिथे थांबतात. थांबतात, हा शब्द कार्लचा.

सर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग एकदम हेडमास्तरांच्या आवाजात विचारलं, "आत कोण कोण आहे?"

"चौघं."

"बायका?"

"दोघी. एक शिवणकाम करायची. दुसरी कुणाशी फारशी बोलायची नाही."

"पुरुष?"

"एक शेतकरी. एक माझा भाऊ."

सरांनी कार्लकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. आवाज उतरला.

"त्रास वगैरे काही नाही ना आत?"

"आतापर्यंत कुणाची तक्रार आलेली नाही," कार्ल म्हणाला.

*

मग मिशनच्या ऑफिसमधून फोन आला. फार सभ्यपणे सांगितलं की सिनियर सेवा जोडप्यांसाठीच असते, एकट्या माणसाला ठेवता येत नाही, एक जानेवारीला त्या घरात नवं जोडपं येईल.

"आम्ही जोडपंच आहोत," सर म्हणाले. "एक जण जरा लांब राहतंय, एवढंच."

पलीकडच्या बाईचं टायपिंग थांबलं. नंतर म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, सर."

सरांचा मुलगा अमित नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईच्या प्रार्थनेला येऊन गेला होता, पुन्हा सुट्टी मिळत नव्हती. त्या रात्रीचं जेवण सर आमच्याकडेच होते, फोन टेबलावर स्पीकरवर.

"बाबा, पंचवीसला दुपारी मी पोचतो. संध्याकाळची दोघांची फ्लाइट बुक केलीय. मे मध्ये आपण परत येऊ, सगळं नीट करू. प्रॉमिस."

"तोवर ती एकटी?"

"आई तिथे नाहीये, बाबा. ते फक्त... स्टोअरेज आहे."

"स्टोअरेज तुझ्या कॉम्प्युटरला असतं."

"बाबा, प्लीज."

"अरे, तिला इंग्रजी येत नाही," सर म्हणाले. "आतले चौघंही इंग्रजी बोलणारे. पाच महिने ती कुणाशी बोलणार?"

पलीकडे अमितने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी येतोय, बाबा." सुशीलाने सरांच्या ताटात भात वाढला.

*

आमच्या दोन्ही घरांचा हीटर एकच. गरम हवेचा पत्र्याचा पाइप भिंतीतून जातो, आणि एका स्वयंपाकघरातलं बोलणं दुसऱ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. वहिनी होत्या तेव्हा दोघी बायका त्यातूनच गप्पा मारायच्या. फोनचं बिल नाही!

एक दिवस सकाळी सुशीलाने मला ओट्यापाशी बोलावलं आणि तोंडावर बोट ठेवलं. पाइपातून सरांचा आवाज येत होता. एकटं माणूस बोलतं स्वतःशी, त्यात काय. पण सर थांबत होते. समोरच्याने उत्तर द्यावं एवढा वेळ थांबायचे, मग पुढे बोलायचे. एकदा हसलेसुद्धा, अगदी वेळेवर.

"वहिनींचं काही ऐकू येत नाही," सुशीला कुजबुजली.

मी म्हटलं, "यायला हवं का?"

तेवढ्यात सर म्हणाले, "बरं बरं, आणतो." दार वाजलं. बाहेर उणे वीस. मी खिडकीतून पाहिलं, सर टोपी ओढून पायी निघाले होते. पाऊण तासाने परत आले, भुवयांवर बर्फ, हातात दुकानातली पिशवी.

"सर, मला सांगायचं, मी गाडी काढली असती. काय आणलंत?"

"आलं," सर म्हणाले. "संपलं होतं म्हणे."

सरांना आल्याचा चहा चालत नाही. पोटात जळजळतं.

*

सरांनी घरात बसून राहू नये म्हणून कार्ल एकदा आम्हा दोघांना तळ्यावर घेऊन गेला. तळं गोठलेलं, इतकं की त्यावर गाड्या चालतात. मधोमध कार्लची लाकडी टपरी. आत स्टोव्ह, तीन स्टुलं, आणि बर्फाला पाडलेलं भोक. त्यात गळ सोडून बसायचं.

तिथे बसलं की तळं बोलतं. गंमत नाही, खरंच आवाज येतो. लांबून हुंकार दिल्यासारखा, पायाखालून जातो आणि पलीकडे मिटतो. कार्ल म्हणाला, बर्फ जाड होतोय, काही नाही. आम्ही मान डोलावली. मग ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. सारखं अंतर ठेवून. आमच्या स्टुलांखालून.

कार्लने गळाची दोरी हळूच गुंडाळली.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"दारावर ठोकलं तर मी 'कोण' म्हणून विचारतो," कार्ल म्हणाला. "खालून ठोकलं तर विचारत नाही."

आम्ही उठलो. टपरीबाहेर येऊन सर म्हणाले, "कार्ल, आणि त्या खोलीच्या दारावर आतून कुणी ठोकलं तर?"

कार्लने थोडा विचार केला.

"उघडीन," तो म्हणाला. "तिथे सगळी ओळखीची माणसं आहेत."

त्या दिवशी सर नीट जेवले.

*

हा छोटा आहे. चोवीस तारखेला चार वाजता मेणबत्त्यांची उपासना असते. मेणबत्त्या वाटायचं काम माझ्याकडे. खोक्यातून बेचाळीस काढल्या. दाराशी उभं राहून येईल त्याच्या हातात एक एक दिली. शेवटी खोकं रिकामं. एरिकने व्यासपीठावरून माणसं मोजली, वहीत लिहायला. एकेचाळीस.

"कुणीतरी दोन घेतल्या असतील," एरिक म्हणाला.

"घेतल्या नाहीत, मी वाटल्या," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला चुकून दोन नग दिलेले नाहीत."

एरिकने वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्याने खोडरबर मात्र मागितलं.

*

पंचवीस तारीख. उणे पंचवीस, ऊन लख्ख, हवा इतकी कोरडी की श्वास घेतला तर नाकात टोचायचं. अमित विमानतळावरून भाड्याची नवीकोरी गाडी घेऊन दुपारी एकला पोचला. सरांच्या पाया पडला, सुशीलाच्या पाया पडला. डोळे सुजलेले. सरांच्या दोन बॅगा त्याने उचलून डिकीत टाकल्या. सर विरोध करतील म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो, पण ते फक्त म्हणाले, "आधी तिला भेटतो. मग काय ते ठरवतो."

"बाबा, चारपर्यंत निघायलाच लागेल."

"मी म्हटलं ना, मग ठरवतो."

कबरस्तानात कार्ल आमची वाट बघत होता. कुलूप गोठलं होतं, त्याने हातातल्या बर्नरने ते गरम केलं आणि दार ओढलं. आम्ही बाहेरच उभं राहून एक नाताळचं गीत म्हटलं, मराठीत. आवाज बर्फात लगेच जिरत होते. मग सर दोन पायऱ्या चढले. अमित मागे निघाला, त्याला हाताने थांबवलं आणि एकटे आत गेले.

आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. अमित घड्याळाकडे बघत नव्हता, हे मी पाहिलं. दहा मिनिटं झाली असतील. सर बाहेर आले आणि कार्ल दार लावायला पुढे सरकला.

"थांबा," सर म्हणाले.

ते खाली उतरून पायरीच्या बाजूला उभे राहिले आणि डावा हात पुढे धरला, कोपरात वाकवून. वहिनींचे गुडघे दुखायचे. त्या पायरी उतरताना एक पाय टेकवायच्या, थांबायच्या, मग दुसरा. सर तेवढा वेळ थांबले. पहिल्या पायरीला एकदा. दुसऱ्या पायरीला एकदा. कार्लने डोक्यावरची टोपी काढली.

"आता लावा," सर म्हणाले.

गाडीपर्यंत पन्नास पावलं. सर एरवी शाळेची घंटा झाल्यासारखे चालतात. त्या दिवशी हळू, मधे एकदा उभे राहून. गाडीपाशी येऊन त्यांनी मागचं दार उघडलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं. मग खाली वाकले, आणि साडीचा काठ दारात अडकू नये म्हणून आपण आत सारतो, तसा हात फिरवला. दार अलगद लावलं आणि पुढे अमितच्या शेजारी जाऊन बसले.

"चल," त्यांनी अमितला सांगितलं. "ठरलं."

अमितने माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

त्याने गाडी सुरू केली आणि आमचा निरोप घ्यायला काच खाली केली. सुशीला त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, तेवढ्यात घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. हल्लीच्या गाड्यांत मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की अशी घंटी वाजते, समोर लाल दिवा लागतो. अमितने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी. बॅगा डिकीत.

"रेंटल आहे, काका," तो मला हळूच म्हणाला. "सेन्सर गेला असेल."

त्याने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. टिंग, टिंग, टिंग.

सर हातमोजे चढवत होते. नजर समोर रस्त्यावर. मान न वळवता, पन्नास वर्षांच्या संसारात हजार वेळा सांगून झाल्यासारखं म्हणाले,

"विमल, पट्टा लाव."

घंटी थांबली.